माहितीसंचयाची राखीव प्रत व पुनःस्थापना : आज्ञापर्यायांचा इतिहास

संगणकातील माहितीसंचयाची, म्हणजे डेटाबेसची, दुसरी प्रत काढून ती वेगळ्या जागी सुरक्षित ठेवणे याला राखीव प्रत घेणे किंवा बॅकअप असे म्हणतात. मूळ संचय नष्ट झाल्यास किंवा बिघडल्यास त्या प्रतीवरून तो पुन्हा उभा करणे ही पुनःस्थापना होय. ही कामे करणाऱ्या आज्ञावली बहुधा कळफलकावर टंकलिखित केलेल्या एका ओळीने चालविल्या जातात. या ओळीस आज्ञापंक्ती व आज्ञावलीच्या नावापुढे लिहिलेल्या सूचक अक्षरांस वा शब्दांस आज्ञापर्याय म्हणतात. प्रत संपूर्ण संचयाची घ्यावयाची की एखाद्या सारणीची, ती कोणत्या क्षणाची असावी, पुनःस्थापनेच्या वेळी जुना मजकूर राखावा की पुसावा, हे सर्व या पर्यायांनी ठरते. बँकांची खाती, रुग्णालयांच्या नोंदी, रेल्वेची आरक्षणे इ. अनेक व्यवहारांची माहिती अशा संचयांत असल्याने एखाद्या अक्षराच्या चुकीचे परिणामही मोठे असू शकतात. या पर्यायांच्या सु. पन्नास वर्षांच्या इतिहासात एक दिशा स्पष्ट दिसते : सुरुवातीस सर्व लक्ष प्रत घेण्याकडे होते, ती प्रत परत वापरता येईल किंवा नाही, या प्रश्नाला महत्त्व क्रमाक्रमाने व पुष्कळदा हानी सोसल्यानंतर आले.

पूर्वपीठिका : १९५१ मध्ये अमेरिकेत युनिव्हॅक संगणकाबरोबर धातूची व १९५२ मध्ये आयबीएम कंपनीच्या ७२६ या यंत्राबरोबर प्लॅस्टिकची चुंबकीय फीत वापरात आली. फितीवरील खातेवही अद्ययावत करण्याची रीत अशी होती की, जुनी फीत व दिवसभरातील व्यवहारांची फीत ही दोन्ही वाचून तिसऱ्या कोऱ्या फितीवर नवी खातेवही लिहिली जाई. जुनी फीत त्यामुळे जशीच्या तशी शिल्लक राही. लागोपाठच्या तीन पिढ्यांच्या फिती जपून ठेवण्याच्या या प्रथेस ‘आजोबा-वडील-मुलगा पद्धत’ असे नाव पडले. राखीव प्रत हे तेव्हा वेगळे काम नव्हते. ते नित्याच्या कामाचेच उपफल होते.

१९५६ मध्ये आयबीएमने रामॅक ही यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात २४ इंच (सु. ६१ सेंमी.) व्यासाच्या ५० फिरत्या तबकड्यांवर ५० लाख अक्षरे साठविता येत व त्यांतील कोणतीही नोंद थेट गाठून तिच्या जागीच नवी नोंद लिहिता येई. या सोयीमुळे कामाचा वेग वाढला, परंतु नवी नोंद लिहिताच जुनी नाहीशी होऊ लागली. मागील पिढी आपोआप उरण्याचे बंद झाले आणि तबकडीवरील मजकूर ठराविक काळाने फितीवर उतरवून घेण्याचे स्वतंत्र काम व त्यासाठी स्वतंत्र आज्ञावली निर्माण झाल्या.

मोठ्या यंत्रांवर हे काम छिद्रपत्रांवर लिहिलेल्या सूचनांनी होई. आयबीएमने १९६४ मध्ये घोषित केलेल्या सिस्टिम/३६० या मालिकेतील यंत्रांच्या नियंत्रणभाषेत ‘डीडी’ हे विधान असे. कोणती फाइल, कोणत्या साधनावर आणि काम संपल्यावर ती ठेवावयाची की काढून टाकावयाची, हे त्यात नाव व मूल्य यांच्या जोडीने सांगावे लागे. ही लेखनपद्धती पुढे युनिक्स या परिचालन प्रणालीतील ‘डीडी’ याच नावाच्या आज्ञेत उतरली. युनिक्सच्या इतर आज्ञांचे पर्याय आखूड आडव्या रेघेने सुरू होत असता या एकाच आज्ञेत ‘आयएफ =’ म्हणजे वाचावयाची फाइल व ‘ओएफ =’ म्हणजे लिहावयाची फाइल असे लिहावे लागते. या दोन नावांत एका अक्षराचाच फरक असून त्यांची अदलाबदल झाल्यास चांगल्या तबकडीवर कोरी तबकडी उतरविली जाते.

युनिक्स व एकाक्षरी पर्याय : केनेथ टॉमसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणाली विकसित केली. त्या काळी दूरमुद्रकासारख्या मंद यंत्रांवरून आज्ञा द्याव्या लागत. साहजिकच आज्ञांची नावे व पर्याय शक्य तितके आखूड ठेवले गेले. जानेवारी १९७९ मध्ये प्रसृत झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘टार’ ही फितीवर फाइली गोळा करणारी आज्ञा प्रथम आली. तिच्यात ‘सी’ म्हणजे नवा संग्रह तयार करणे, ‘एक्स’ म्हणजे संग्रहातून फाइली बाहेर काढणे व ‘टी’ म्हणजे आतील नावांची यादी दाखविणे. फाइल बाहेर काढताना ‘एक्स’ऐवजी ‘सी’ लिहिला गेल्यास जुन्या संग्रहावरच नवा लिहिला जाऊन तो नष्ट होतो. पुढे जीएनयू प्रकल्पातील टार आज्ञावलीत, कोणत्याही फाइलीचे नाव न देता संग्रह तयार करण्यास सांगितल्यास तसे करण्यास नकार देण्याची तरतूद झाली. असा नकार ही रक्षणाची सर्वांत साधी सोय होय.

संपूर्ण तबकडीच्या प्रतीसाठी ‘डंप’ व तिच्या पुनःस्थापनेसाठी ‘रिस्टोर’ या आज्ञा होत्या. सातव्या आवृत्तीतील डंप आज्ञेत ० ते ९ असे स्तर सांगता येत. शून्य स्तर म्हणजे संपूर्ण प्रत; त्यापुढील प्रत्येक स्तरावर, त्याहून खालच्या स्तराच्या शेवटच्या प्रतीनंतर बदललेल्या फाइलीच तेवढ्या उतरविल्या जात. ‘यू’ हे अक्षर लिहिले तरच त्या प्रतीची तारीख नोंदली जाई. ते विसरल्यास पुढील वाढीव प्रत कोठून सुरू करावयाची, हे यंत्रास कळत नसे. ‘एस’ या अक्षराने फितीची लांबी फुटांत व ‘डी’ या अक्षराने तिच्यावरील लेखनाची घनता सांगावयाची असे. काहीच न सांगितल्यास लांबी २,३०० फूट (सु. ७०१ मी.) व घनता दर इंचास १,६०० अशी धरली जाई. सर्व अक्षरे प्रथम एकत्र लिहून त्यांची मूल्ये नंतर त्याच क्रमाने द्यावी लागत. क्रम चुकल्यास घनतेचा आकडा लांबी म्हणून वाचला जाई. लांबी व घनता यांवरून फीत केव्हा संपेल, याचा आज्ञावली केवळ हिशेब करीत असे. अशा रीतीने त्या काळच्या यंत्रसामग्रीची मापे आज्ञेच्या व्याकरणातच शिरली होती.

पर्याय लिहिण्यात एकवाक्यता आणण्याचे प्रयत्न १९८० च्या सुमारास सुरू झाले. त्या वर्षीच्या युनिक्स सिस्टिम ३ मध्ये पर्याय वाचण्याचे ‘गेटऑप्ट’ हे सामाईक साधन आले. जीएनयू प्रकल्पातील आज्ञावलींत दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे पूर्ण शब्दांचे पर्याय रूढ झाले. एका अक्षराचा अर्थ पाठ असावा लागतो, पूर्ण शब्द मात्र आपला अर्थ स्वतःच सांगतो. राखीव प्रतीची आज्ञा एकाने लिहून ठेवावी व अनेक वर्षांनी दुसऱ्याने ती वाचावी असे नेहमी घडत असल्याने हा बदल विशेष उपयुक्त ठरला.

चालू संचयाचा प्रश्न : एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये सारण्यांवर आधारलेल्या माहितीसंचयाची उपपत्ती मांडली. तिच्या आधारे आयबीएमच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेत सिस्टिम आर व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत इन्ग्रेस हे प्रकल्प हाती घेण्यात आले. अशा संचयांची फाइल नुसती उतरवून घेणे पुरेसे नसते. समजा, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ५०० रुपये जमा होत आहेत. पहिल्या खात्याची नोंद रक्कम वजा होण्यापूर्वी व दुसऱ्याची ती जमा झाल्यानंतर उतरविली गेली, तर प्रतीत ५०० रुपये जास्त दिसतील. फाइल शाबूत असूनही हिशेब खोटा ठरेल. संचय बंद ठेवून प्रत घेणे हा एक उपाय होता. परंतु अहोरात्र चालणाऱ्या कामांत तो शक्य नसे.

यावर दोन तोडगे निघाले. पहिला नोंदवहीचा : प्रत्येक बदल संचयात लिहिण्यापूर्वी वेगळ्या नोंदवहीत लिहावयाचा, म्हणजे जुनी प्रत व तिच्यानंतरची नोंदवही यांवरून हव्या त्या क्षणापर्यंतचा संचय पुन्हा उभारता येतो. दुसरा तोडगा आवृत्त्यांचा : बदललेल्या नोंदीची जुनी आवृत्ती काही काळ राखावयाची, म्हणजे प्रत घेणाऱ्या आज्ञावलीस काम सुरू झाले त्या क्षणाचेच चित्र शेवटपर्यंत दिसते व इतरांचे व्यवहार थांबवावे लागत नाहीत.

पोस्टग्रेस : मायकेल स्टोनब्रेकर यांनी बर्कली येथे १९८६ मध्ये पोस्टग्रेस प्रकल्प सुरू केला. १९९६ मध्ये त्याच्या मुक्त आवृत्तीस पोस्टग्रेसक्यूएल असे नाव मिळाले. तिच्या ‘पीजी-डंप’ या आज्ञावलीचा इतिहास प्रस्तुत विषयाचे उत्तम उदाहरण आहे. १९९९ मधील ६.५ या आवृत्तीत नोंदींच्या अनेक आवृत्त्या राखण्याची पद्धत आली व पीजी-डंपला चालू संचयाची सुसंगत प्रत घेणे शक्य झाले. तोपर्यंत प्रत म्हणजे संचय पुन्हा निर्माण करणाऱ्या आज्ञांची एक लांबलचक साधी फाइल असे. ती सामान्यतः आरंभापासून अखेरपर्यंत चालवावी लागे. २००१ मधील ७.१ आवृत्तीत ‘--फॉरमॅट’ हा पर्याय व ‘पीजी-रिस्टोर’ ही वेगळी आज्ञावली आली. प्रतीस अनुक्रमणिका मिळाल्याने आत काय आहे हे पाहून हवा तेवढाच भाग परत आणता येऊ लागला. प्रत घेताना सर्व काही निश्चित करण्याऐवजी काही निर्णय पुनःस्थापनेच्या वेळेपर्यंत पुढे ढकलता येणे, हा या बदलाचा खरा लाभ होय. २००५ मधील ८.० आवृत्तीत नोंदवहीच्या साहाय्याने विशिष्ट क्षणापर्यंत संचय परत उभारण्याची सोय झाली. पुनःस्थापनेचे काम अनेक हातांनी एकाच वेळी करणारा ‘--जॉब्ज’ हा पर्याय २००९ मध्ये पीजी-रिस्टोरला व २०१३ मध्ये पीजी-डंपला मिळाला.

पर्यायांच्या अक्षरांमुळे होणारा घोटाळा येथेही टळला नाही. पीजी-डंपमध्ये ‘-डी’ याचा अर्थ पूर्वी माहिती वेगवेगळ्या भरणा-आज्ञांच्या रूपात लिहावी, असा होता. अशी प्रत परत भरण्यास फार वेळ लागतो. मात्र पुष्कळ जण ‘डी’ म्हणजे डेटाबेसचे नाव असे समजून तो लिहीत व नकळत संथ प्रत घेत. २००९ मधील ८.४ आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला व त्याचा पूर्ण शब्दांतील ‘--इन्सर्ट्‌स’ हा पर्याय तेवढा राहिला. २०१३ मध्ये तेच अक्षर संचयाच्या नावासाठी परत आणले गेले. जुना अर्थ विसरला जावा यासाठी मध्ये काही वर्षे जाऊ द्यावी लागली.

मायएसक्यूएल व ओरॅकल : स्वीडनमध्ये १९९५ मध्ये निघालेल्या मायएसक्यूएल या प्रणालीत राखीव प्रतीसाठी ‘मायएसक्यूएल-डंप’ ही आज्ञावली आहे. तिच्या आरंभीच्या रूपात ‘--क्विक’ हा पर्याय न दिल्यास संपूर्ण सारणी प्रथम स्मृतीत साठवून मग लिहिली जाई; सारणी मोठी असल्यास स्मृती अपुरी पडून काम अर्ध्यावर बंद पडे. ४.१ या आवृत्तीपासून हा व अन्य काही उपयुक्त पर्याय एकत्र करून ते न सांगताच लागू केले गेले. ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’ या पर्यायाने सर्व सारण्यांची एकाच क्षणाची प्रत मिळते. पण ती व्यवहार सांभाळणाऱ्या साठवणपद्धतीतील सारण्यांपुरतीच. जुन्या मायआयसॅम पद्धतीतील सारण्यांना हे संरक्षण मिळत नाही. पर्याय स्वीकारला जातो, आज्ञा यशस्वी होते व तरीही प्रत सुसंगत असेलच असे नाही.

एकाच अक्षराचा निरनिराळ्या आज्ञावलींत वेगळा अर्थ होणे हाही नेहमीचा अडथळा आहे. लहान लिपीतील ‘पी’ मायएसक्यूएल-डंपमध्ये परवलीच्या शब्दासाठी, तर पीजी-डंपमध्ये जोडणीच्या क्रमांकासाठी असतो. टारमधील ‘सी’ निर्मितीचा, तर पीजी-डंपमधील लहान ‘सी’ साफसफाईचा. हा पर्याय दिल्यास पुनःस्थापनेच्या वेळी त्याच नावाच्या जुन्या सारण्या आधी काढून टाकल्या जातात. प्रत चुकीच्या संचयावर चालविली गेल्यास तेथील चांगली माहिती यामुळे जाते. मायएसक्यूएल-डंपमध्ये परवलीचा शब्द ‘पी’ला चिकटवून लिहावा लागतो, मध्ये जागा सोडल्यास तो शब्द संचयाचे नाव समजला जातो. शिवाय आज्ञापंक्तीत लिहिलेला परवलीचा शब्द त्या यंत्रावरील इतरांच्या नजरेस पडण्याचा संभव असतो. म्हणून मायएसक्यूएलच्या ५.६ आवृत्तीपासून त्याविषयी इशारा दिला जातो. पोस्टग्रेसच्या आज्ञावलींत परवलीच्या शब्दासाठी असा पर्यायच ठेवलेला नाही. तो विचारून घेतला जातो किंवा संरक्षित फाइलीतून वाचला जातो.

ओरॅकल या व्यापारी प्रणालीत ‘एक्स्प’ व ‘इम्प’ या जोडीचे पर्याय नाव व मूल्य या रूपात असत. त्यांतील सुसंगत प्रतीचा ‘कन्सिस्टंट’ हा पर्याय मुद्दाम ‘होय’ असा सांगावा लागे, कारण न सांगितल्यास त्याचे मूल्य ‘नाही’ असे धरले जाई. १० जी आवृत्तीत त्यांची जागा डेटा पंप या अधिक वेगवान साधनाने घेतली. १९९७ मध्ये ओरॅकल ८ बरोबर आलेल्या ‘आरमॅन’ या साधनात पुनःस्थापनेच्या दोन पायऱ्यांना दोन वेगळी नावे दिलेली आहेत. ‘रिस्टोर’ म्हणजे प्रतीतील फाइली जागेवर आणणे व ‘रिकव्हर’ म्हणजे त्यांच्यावर नोंदवहीतील पुढील बदल चढविणे. प्रत्यक्ष काहीही न बदलता राखीव प्रती वाचता येतात किंवा नाही, एवढेच तपासणारा ‘व्हॅलिडेट’ हा पर्यायही त्यात आहे.

२०१७ मधील एक घटना : ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकीय आज्ञावलींचा साठा ठेवणाऱ्या कंपनीच्या पोस्टग्रेस संचयाबाबत घडलेली दुर्घटना कंपनीने स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केली. दुय्यम यंत्रावर मुख्य संचयाची नवी प्रत उतरविण्याचे काम ‘पीजी-बेसबॅकअप’ या आज्ञावलीने चालू होते. अधिक तपशील दाखविणारा ‘--व्हर्बोज’ पर्याय दिलेला असूनही ती काहीच न कळविता थांबून राही. वस्तुतः ती मुख्य यंत्राची वाट पाहत होती. आधीच्या अयशस्वी प्रयत्नाचे अवशेष अडथळा करीत असावेत, अशा समजुतीने ते पुसण्याची आज्ञा देण्यात आली. परंतु ती दुय्यम यंत्राऐवजी मुख्य यंत्रावर दिली गेली. चूक लक्षात येऊन ती थांबविली, तेव्हा सु. ३०० गिगाबाइट माहितीपैकी केवळ ४.५ गिगाबाइट उरली होती.

राखीव प्रतींचा शोध घेतला असता पीजी-डंपने रोज घेतल्या जाणाऱ्या प्रती अस्तित्वातच नसल्याचे आढळले. संचय ९.६ आवृत्तीचा होता व त्यासाठी पीजी-डंप ९.२ आवृत्तीची चालविली जात होती. आपल्याहून नव्या आवृत्तीच्या संचयाची प्रत घेण्यास पीजी-डंप नकार देते. हा नकार योग्यच होता, पण तो कळविणारी विद्युत् पत्रे स्वाक्षरीच्या अभावी पत्रव्यवस्थेने परत लोटली आणि नकार कोणापर्यंत पोहोचला नाही. सुदैवाने सु. सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी तबकडीचे एक क्षणचित्र घेतलेले होते, त्यावरून संचय परत उभा राहिला. मधल्या सहा तासांतील माहिती कायमची गेली. या घटनेत कोणत्याही आज्ञापर्यायाचे काम सदोष नव्हते. दोष होता तो, आज्ञा दिली म्हणजे प्रत झाली आणि प्रत झाली म्हणजे पुनःस्थापना होईल, या गृहीतकात.

अलीकडील प्रगती : २०२० मधील पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीत प्रतीबरोबर तिच्यातील फाइलींची तपशीलवार यादी लिहिली जाऊ लागली व ती यादी ताडून पाहणारी ‘पीजी-व्हेरिफायबॅकअप’ ही आज्ञावली आली. अशी तपासणी केली तरी प्रतीवरून संचय प्रत्यक्ष उभारून पाहावा, असे तिच्या माहितीपुस्तिकेत सांगितले आहे. सप्टेंबर २०२४ मधील १७ व्या आवृत्तीत ‘--इन्क्रिमेंटल’ हा पर्याय आला. त्याने मागील प्रतीनंतर बदललेला भागच उतरविला जातो व पुनःस्थापनेपूर्वी अशा वाढीव प्रती मूळ प्रतीशी जोडून घेतल्या जातात. १९७९ मधील डंप आज्ञेच्या स्तरांमागील कल्पनाच येथे नव्या रूपात आली आहे. फरक एवढाच की, कोणत्या प्रतीच्या आधारे वाढीव प्रत घ्यावयाची, हे आता आधीच्या प्रतीची यादी दाखवून सांगावे लागते. केवळ तारखेवर विसंबून राहावे लागत नाही.

पर्यायांची संख्या वाढली तरी त्यांच्या रचनेविषयी काही तत्त्वे या इतिहासातून सर्वमान्य झाली आहेत. सुरक्षित वर्तन न सांगता घडावे व विनाशक वर्तन पूर्ण शब्दांत सांगावे लागावे. आज्ञावलीने अपयश मोठ्याने कळवावे. एका अक्षराचा अर्थ शक्यतो बदलू नये व बदलणे भाग असल्यास मध्ये पुरेसा काळ जाऊ द्यावा. काही उणिवा अद्यापि आहेत. उदा., पीजी-रिस्टोर वाटेत चूक आढळल्यास सामान्यतः पुढे चालू राहते व अखेरीस चुकांची संख्या सांगते. पहिल्या चुकीशीच थांबावयाचे असल्यास ‘--एक्झिट-ऑन-एरर’ हा पर्याय द्यावा लागतो. तसेच पीजी-डंप एकाच संचयाची प्रत घेते. त्या संचयाचे मालक व वापरकर्ते यांच्या नोंदी तिच्यात नसतात व त्या ‘पीजी-डंपऑल’ या आज्ञावलीने वेगळ्या घ्याव्या लागतात. कोऱ्या यंत्रावर पुनःस्थापना करीपर्यंत ही गोष्ट लक्षात येत नाही. म्हणून मोठ्या संस्थांत ठराविक काळाने राखीव प्रतीवरून वेगळ्या यंत्रावर संचय उभारून, त्यातील नोंदी मोजून व लागलेला वेळ नोंदवून पाहण्याचा प्रघात पडला आहे. आज्ञापंक्तीत लिहिलेले पर्याय बरोबर होते किंवा नाही, याचा निर्णायक पुरावा या चाचणीतच मिळतो.